मेंढी न बोलता हसवते कशी

ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओची 2007 साली सुरू झालेली 'शॉन द शीप' ही बाहुल्या जरा जरा हलवून एकेक फोटो काढत केलेली मालिका एकदा आवाज बंद करून बघ. शेतकरी नुसता पुटपुटतो, प्राणी एक शब्द बोलत नाहीत, तरी सगळं कळतं. कारण डोळे! तुझ्या फिल्ममधली मातीची मेंढी हलवतानाही आधी डोळे वळव, मग मान, मग अंग.

आणि थांबायला शीक. गडबड झाल्यावर कुत्रा मेंढीकडे बघतो ना, तिथे अर्धा सेकंद कुणालाच हलवू नकोस. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 फोटो, धरल्या तर 12-13 फ्रेम तशाच. मुलं नेमकी तिथे खुदकन हसतात, मी कितीदा पाहिलंय.

खिडकीचा उजेड टाळ, तो सतत बदलतो. पहिली फिल्म 10 सेकंदांचीच कर.