यात्रेपुरते बूट काढले तर चालतील का?

मावशी,

मी मूळची चंदगडकडची, खानापूर तालुक्यात दिलेली. पहिला मुलगा, आता तीन महिन्यांचा झाला. जन्मला तेव्हाच उजवा पाय आत वळलेला होता. डॉक्टर क्लबफूट म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून बेळगावला दर आठवड्याला प्लास्टर घातलं, अशी सहा झाली. मग टाचेमागची शीर कापून तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. आता पट्टीला जोडलेले दोन बूट दिलेत, दिवसरात्र घालायचे. तोवर मी माहेरी होते. सासरी आल्यापासून रोज कटकट आहे. बाळ रडलं की सासूबाई म्हणतात, "पोर रडायलंय, काढ ते लोखंड." मी कामात असले की परस्पर काढून ठेवतात, कधी कधी तीन-चार तास. पुढच्या महिन्यात गावात महालक्ष्मीची यात्रा आहे. सगळे पैपाहुणे येणार. तेवढे आठ दिवस बूट नकोत, लोक काय म्हणतील, असं घरात ठरल्यासारखंच आहे. मालक गोव्याला कामाला, पंधरा दिवसांनी येतात. मला कन्नड नीट येत नाही, हॉस्पिटलात काय विचारायचं तेही सुचत नाही. आठ दिवसांनी काही बिघडेल का? आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा मी भाजी चिरली होती. त्यामुळं झालं असं सगळे म्हणतात. खरं असेल का?

– एक आई

पोरी,

आठ दिवस बूट काढून चालणार नाही. दोन दिवसही नाही.

घरातल्यांना वाटतं ते मला कळतं. पाय वाकडा होता, सरळ झाला, मग आता हे कशाला? पण प्लास्टरनं पाय सरळ होतो आणि बुटांनी तो सरळ राहतो, ही दोन वेगळी कामं आहेत. पोटात असताना ज्या आखडलेल्या स्नायूंनी आणि शिरांनी पाय आत ओढला, त्यांची ओढ प्लास्टर निघालं म्हणून थांबत नाही. पहिली काही वर्षं मूल झपाट्यानं वाढतं, आणि त्या वाढीबरोबर पाय पुन्हा जुन्या जागी जायला बघतो. म्हणून पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास बूट. त्यानंतर फक्त झोपेत, रात्र आणि दुपार मिळून १२ ते १४ तास, मूल चार वर्षांचं होईपर्यंत. काही डॉक्टर पाचपर्यंत सांगतात. सरळ झालेला पाय पुन्हा वळतो त्यामागं सगळ्यात मोठं कारण बूट नीट न घालणं हेच असतं. आणि वळला की पुन्हा प्लास्टरपासून सुरुवात, कधी शीर पुन्हा कापावी लागते, मूल मोठं झालेलं असेल तर ऑपरेशनही लागू शकतं. तुझं बाळ आता नेमकं त्या पहिल्या तीन महिन्यांत आहे. यात्रा संपल्यावर नवव्या दिवशी तू बूट घालायला जाशील तेव्हा कदाचित टाच आत बसणारच नाही.

या पद्धतीला पोन्सेटी पद्धत म्हणतात. स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयोवा इथं काम केलेल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती बसवली. त्याआधी अशा मुलांच्या पायावर मोठमोठी ऑपरेशनं व्हायची आणि मोठेपणी ते पाय ताठ होऊन दुखायचे. पोन्सेटींच्या पद्धतीनं उपचार झालेल्यांना तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, त्याचा अहवाल १९९५ साली आला. शंभरात ७८ जणांचे पाय चांगले किंवा उत्तम निघाले. ज्यांचे पाय जन्मापासून ठीक होते, अशा लोकांत हेच प्रमाण ८५ होतं. फरक किती थोडा आहे बघ. अमेरिकेची मिया हॅम वाकडा पाय घेऊन जन्मली होती. ती फुटबॉलचे दोन विश्वचषक जिंकली. सासूबाईंना विश्वचषकाशी देणंघेणं नसेल, पण यात्रेत येणाऱ्या तरुण दिरांना, भाच्यांना हे जरूर सांग. घरात तुझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं.

आता ग्रहणाचं. भाजी चिरल्यानं पाय वाकडा होत नाही. तू काहीही केलेलं नाहीस. हा दोष साधारण हजारात एका बाळाला असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट आढळतो. कधी तो घराण्यात असतो, बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही. पाय पोटात वाढतानाच वळतो, पुष्कळदा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसतोसुद्धा. आणि ग्रहण काही तुझ्या एकटीच्या अंगणात लागलं नव्हतं. त्या दिवशी खानापूर, बेळगाव, चंदगड सगळीकडं गरोदर बायका होत्या. कुणी भाजी चिरली असेल, कुणी शेतात गेली असेल, त्यांची बाळं ठणठणीत आहेत. ग्रहण पाळलेल्या, दार लावून बसलेल्या बायकांच्या बाळांनाही क्लबफूट झालेलं असतं. पुन्हा कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नकोस. एवढंच म्हण, "डॉक्टरांना विचारलंय, तसं काही नसतं." बोलणारे बोलतील. तू मात्र ते मनाला लावून घेऊ नकोस, कारण मनात अपराधी वाटत असलं की बूट घालताना हात कचरतो, आणि ते बाळाला परवडणारं नाही.

सासूबाईंबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गाठ तिथंच आहे. त्यांचा जीव आहे नातवावर. नातू रडतोय आणि सून लोखंडाची पट्टी बांधतेय, एवढंच त्यांना दिसतं. प्लास्टरचे दिवस त्यांनी बघितलेच नाहीत, तू माहेरी होतीस. जन्मल्यावर पाय कसा होता, दर आठवड्याला तो कसा सुटत गेला, हे तू बघितलंस आणि तुझ्या आईनं. त्यांना एकदम सरळ पाय बघायला मिळाला. पहिल्या दिवसाचा फोटो मोबाइलमध्ये असेलच. तो आणि आजचा पाय शेजारी ठेवून त्यांना दाखव. त्यांच्या वयाच्या बायकांनी उपचाराविना राहिलेली, पावलाच्या कडेवर चालणारी माणसं गावात पाहिलेली असतात. त्यांना विचार, तसं कोण होतं? त्या स्वतःच सांगतील.

मग त्यांना कामाला लाव. पुढच्या तपासणीला बेळगावला त्यांनाच सोबत घेऊन जा, आणि बूट घालायला डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी तुम्हा दोघींना एकदम शिकवावं असा आग्रह धर. सुनेनं सांगितलेलं वेगळं आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं वेगळं, हे आपल्याकडं आहेच. त्याचा फायदा घे.

शिकायचं ते असं. सुती, बिनशिवणीचा मोजा आधी घाल, सुरकुती राहू देऊ नकोस. जो पाय वाकडा होता तो आधी. गुडघा वाकवून पाय धर, म्हणजे टाच खाली सरकते. मधला पट्टा सगळ्यात आधी आणि घट्ट, मग बाकीचे. बऱ्याच बुटांना टाचेमागं छोटं भोक असतं, त्यातून डोकाव. टाच तळाला टेकलेली दिसली पाहिजे. बोटं आतल्या तळव्यावर जिथं येतात तिथं पेननं एक रेघ ओढून ठेव. बोटं त्या रेघेच्या मागं गेली की समजायचं, टाच वर सरकली, पुन्हा घालायचं. हलका लालसरपणा चालतो. टाचेला भडक लाल डाग किंवा फोड आला तर बूट सैल राहिलाय, पाय आत घासतोय. आपण घाबरून आणखी सैल करतो आणि फोड वाढतो. फोड दिसला की हॉस्पिटल गाठ. मालीश करा, पण पावलाला तेल लावून बूट घालू नका, त्यानं कातडी मऊ पडते आणि लवकर सोलते. आणि नाव्हाण घालणाऱ्या बाईला पाय ओढून सरळ करू देऊ नकोस, कितीही हातगुण असला तरी.

चांगल्या पायाला बूट का, हा प्रश्न घरात येणारच. पट्टी दोन्हीकडून धरल्याशिवाय उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला राहत नाही, म्हणून डाव्यालाही. नीट बघ, उजवा बूट जास्त बाहेर वळवलेला आहे, साधारण ६० ते ७० अंश, डावा त्याच्या निम्म्यावर. ते स्क्रू कुणी सरळ करू नयेत.

रडण्याचं काय? सुरुवातीचे दोन-तीन दिवस बाळं रडतातच. पाय एकेकटे हलवता येत नाहीत, त्याचा तो राग असतो. दोन्ही पाय एकदम हलवायला शिकव. पट्टी हातात धरून हळूच पुढं ढकल, मागं घे, गुडघे वाकू देत, गाणं म्हण. दिवसातून चार-सहा वेळा हा खेळ केला की बाळाला युक्ती कळते. हे काम आजीचं. तू स्वयंपाकात असताना त्यांनी बूट काढण्याऐवजी हा खेळ खेळावा, एवढंच मागणं. रडलं की आधी भूक, लंगोट, गॅस बघा. मग बोटं बघा, गुलाबी आहेत ना, मोजा गोळा झालाय का. काही चुकलं असेल तर नीट करून लगेच परत घाला. रडल्यावर बूट निघतात हे बाळाला एकदा कळलं, की ते रोज त्यासाठी रडेल. आणि कधी घातले, कधी काढले असं रोज होत राहिलं तर सवय लागतच नाही, बाळाचेच हाल वाढतात. पट्टीला जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळ, म्हणजे तुला आणि बाळाला लागणार नाही. साडीच्या झोळीत पट्टी अडकते, त्यापेक्षा रुंद पाळणा किंवा खाली गादी बरी.

यात्रेकडं येते. २३ तास म्हणजे रोज एक तास तुझ्या हातात आहे. एरवी तो अंघोळ-मालीशीचा. देवीच्या दर्शनाच्या दिवशी अंघोळ दहा मिनिटांत उरक, आणि उरलेल्या वेळात नवे कपडे घालून, अनवाणी पायांनी बाळाला देवीपुढं घेऊन जा. देवळात बूट कसे न्यायचे, ही सासूबाईंची अडचण खरी आहे, ती अशी सुटते. आजीच्या मांडीवर फोटो काढायचा तोही त्याच तासात. घरी आलं की पाय धू, कारण भंडारा उधळलेला असतो, तो मोज्यात राहिला तर कातडीला चावतो. कोरडं पुसून बूट परत. गर्दी फार असेल आणि तास सरून जाणार असेल, तर त्या दिवशी बाळाला घरूनच हात जोडू देत. देवी रागावणार नाही.

पाहुणे विचारतील. तू कुणी विचारायच्या आत सांग: "जन्मतः पाय वळलेला होता, आता सरळ झालाय, बूट तो तसाच राहण्यासाठी." लपवलं की कुजबूज होते. हेही लक्षात घे की त्या शेकडो पाहुण्यांत एखादी अशी बाई असेल, जिच्या नात्यातल्या बाळाचा पाय असाच आहे आणि उपाय असतो हेच तिला ठाऊक नाही. तिला तुझ्याकडून कळेल.

कन्नडचं. बेळगावात मराठी कळणारे बरेच भेटतात, पण कागद कन्नडात किंवा इंग्रजीत असतो, ही आपल्या भागातली रोजचीच गोष्ट. घरून निघतानाच तुझे प्रश्न मराठीत कागदावर लिहून ने. डॉक्टर बोलत असताना नवऱ्याला फोन लाव आणि स्पीकर चालू ठेव, त्यांना कन्नड येत असेल तर तेच विचारतील. तिथंच सिस्टरला तीन गोष्टी विचारून मराठीत लिहून घे: रोज किती तास, हे कोणत्या तारखेपर्यंत, पुढची तपासणी कधी. तो कागद पाळण्यावर चिकटव. बूट लहान पडू लागले, बोटं कडेबाहेर आली, की मोठा जोड लागतो. तो मोफत मिळेल का, हे हॉस्पिटलात विचार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश २०१३ पासून आहे, आशाताईंनाही त्याची माहिती असते. आधारकार्डावर अजून माहेरचा पत्ता असेल तर तो बदलून घे. कर्नाटकातला पत्ता असला की शक्ती योजनेत खानापूर-बेळगाव साध्या बसला तुला तिकीट पडणार नाही, आणि तपासण्या तर अजून काही वर्षं आहेत.

राहता राहिले तुझे मालक. आईला समजावणं हे मुलाचं काम आहे, ते सगळं सुनेवर टाकून चालत नाही. "आई, बूट काढायचे नाहीत, यात्रेतही नाहीत," हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात गेलं पाहिजे. यात्रेसाठी ते येणार असतील तर चार दिवस आधी यावं, आणि एक रात्र बूट घालण्यापासून बाळाला झोपवण्यापर्यंत सगळं त्यांनी करावं. आज रात्री फोन येईल तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखव.

– मावशी