व्हॅक्यूम क्लॅम्प टेबलावर हलतोय? मोठे स्क्रू नको, प्लायचा पाट करा

भाऊ, तुम्ही विचारलंय की व्हॅक्यूम क्लॅम्पचं युनिट, म्हणजे पंपाने हवा ओढून फळी पॅडला धरून ठेवणारं, सुतारकामाच्या टेबलावर चार लाकडी स्क्रूंनी बसवलंय, पण फळी धरून रंधा मारला की बुडातून डुलतं, तर अजून लांब स्क्रू मारू का. नका मारू. स्क्रू लहान नाहीयेत, बैठक लहान आहे.

वरची पकड भरपूर असते. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो, पंपाने ८० टक्के हवा ओढली तर ०.८ किलो धरा, म्हणजे २० बाय २० सेंटीमीटरच्या पॅडवर झाले ३२० किलो. फळी सहजासहजी सुटत नाही म्हणून सगळा रेटा खाली जातो. समजा फळी टेबलापासून ३० सेंटीमीटर वर आहे, रंध्याला २० किलोचा जोर लागतोय आणि पुढचे-मागचे स्क्रू २० सेंटीमीटर अंतरावर आहेत, तर मागच्या दोन स्क्रूंना मिळून ३० किलोचा उपसा बसतो, तोही रंध्याच्या प्रत्येक हाताला. असं दिवसभर चाललं की भोकं ढिली होणारच ना भो. तेच अंतर ६० सेंटीमीटर केलं की उपसा १० किलोवर येतो.

म्हणून युनिट आधी एका मोठ्या पाटावर बसवा. १८ एमएम प्लायचे दोन तुकडे फेविकॉलने एकमेकांवर चिकटवा, रंधा ज्या दिशेने चालतो त्या बाजूने निदान ६० सेंटीमीटर लांब ठेवा. बोल्ट आरपार, ८ एमएमचे, चपट्या डोक्याचे, डोकं प्लायमध्ये खालून पूर्ण बुडलं पाहिजे, बोट फिरवून बघा, जरा जरी वर राहिलं तरी पाट त्या टोकावर डुलेल आणि तुम्ही उगाच युनिटला दोष द्याल. वरून वायसर, स्प्रिंग वायसर आणि नट. पाटाच्या खाली पुढच्या कडेला सागाची जाड पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने लावा, ती शेगड्यात, म्हणजे टेबलाच्या कडेच्या स्क्रूच्या पकडीत, आवळायची. मागची बाजू दोन क्लॅम्पने टेबलाला धरा, किंवा टेबलालाच दोन आरपार भोकं पाडून खालून मोठा वायसर देऊन बोल्ट लावा. मला बोल्टच जास्त आवडतात, क्लॅम्पचे दांडे कामात आडवे येतात. काम झालं की अख्खा पाट उचलून भिंतीला लावता येतो, टेबल मोकळं.

पाटाखाली रबर टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मऊ रबर दबतं आणि हलणं वाढतं.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा. टेबलाची फळी बाभळीची असो की जुन्या सागाची, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा लाकूड वाळून आकसतं, नट आपोआप सैल पडतात, आणि पावसाळ्यात तीच फळी फुगते. उन्हाळा लागला की आणि पावसाळा सुरू झाला की एकदा पाना फिरवायचाच. मोठा वायसर यासाठीच, नाहीतर फुगलेल्या लाकडात नट रुतून बसतो.

पंप टेबलावर ठेवू नका, खाली जमिनीवर ठेवा, त्याची थरथर युनिटपर्यंत येते. पाइप टेबलाच्या पायाला क्लिपने बांधा, लोंबकळत राहिला तर पाय अडकून ओढ बसते. आणि लाइट गेली की हवा हळूहळू आत शिरते, हवा किती ओढलीय ते दाखवणाऱ्या गेजचा काटा पडायला लागला की राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) लगेच उचला, फळी हाताने धरा, यात हयगय नको, बोटं जातील.

टेबलाची फळी किती जाड आहे आणि शेगडा कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगा, म्हणजे खालची पट्टी नेमकी कुठे लावायची ते सांगतो.