युरोडान्सची लाज कसली? तिथूनच सुरुवात करा

इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत ऐकायला कुठून सुरुवात करू, असं विचारलंत, आणि युरोडान्स, म्हणजे नव्वदीतली युरोपातली नाचायची इलेक्ट्रॉनिक पॉप गाणी, आता बालिश वाटतात, पण सुटतही नाहीत, असं म्हणालात. सुटू देऊ नकाच! सध्या एवढंच करा:

१. स्नॅप, हॅडवे, टू अनलिमिटेड. युरोडान्सच्या या तिघांची १९९२-९३ची तीन गाणी खूप झाली, पण लांब, बारा इंची रेकॉर्डवरची आवृत्ती शोधा. त्यात गाणारा थांबतो आणि नुसता ठेका उरतो. तिथे कान द्या: प्रत्येक मात्रेवर पडणारा किक, म्हणजे ढोलाचा जड ठोका, आणि दोन किकच्या मधल्या फटीत शिरणारा बेस, म्हणजे खालचा जाड सूर. हे एकदा कानात बसलं की हाउस काय, ट्रान्स काय, इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचे हे बाकीचे प्रकारही परके वाटत नाहीत.

२. मग रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन' (१९९५). शब्द नाहीत, पियानोच बोलतो. शब्दांशिवाय ऐकायची सवय इथे लागते.

नवखे हमखास चुकतात ते म्हणजे थेट बर्लिनच्या कडक टेक्नोत, म्हणजे याच संगीताच्या आणखी एका, कानावर जड प्रकारात, उडी मारतात, अर्ध्या तासात डोकं धरतात आणि 'हे आपलं नव्हे' म्हणून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं, दोन वर्षं फुकट गेली. दुसरं, उपप्रकारांची नावं पाठ करत बसू नका.

आणि हो, व्हिडिओतल्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नका. 'कोरोना' या युरोडान्स गटाच्या गाजलेल्या गाण्यात दिसते ओल्गा सूझा, आवाज मात्र जेनी बी.चा!

अंजुण्याच्या गोवा ट्रान्सबद्दल विचारलंत, ते सहा महिन्यांनी बोलू.