धरण्याला सिरियलवाल्या ताईंना बोलवू का?

प्रश्न : ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. मानधनासाठी पुढच्या आठवड्यात आमचं तालुक्याला धरणं आहे. एकीच्या ओळखीतून सिरियलमधली एक नटी यायला तयार झालीये, तर निम्म्या बायका म्हणतात ती आली की चॅनलवाले येतील, नाहीतर आपल्याकडे कुत्रं पण फिरकत नाही, आणि निम्म्या म्हणतात सगळे तिलाच बघत बसतील. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : अगं, दोन्हीकडच्या बायका बरोबर आहेत, म्हणून तर तुमचं भांडण मिटत नाहीये.

एप्रिल २००६ मध्ये दिल्लीला जंतरमंतरवर नर्मदा बचाओ आंदोलनवाल्यांचं उपोषण चाललेलं, सरदार सरोवर धरणाची उंची ११० मीटरवरून १२१ वर न्यायची होती आणि बुडणाऱ्यांचं पुनर्वसन बाकीच होतं, त्यात आपल्या नंदुरबारचे आदिवासी पण आले. आमिर खान तिथे गेला. ज्यांना नर्मदा कुठून वाहते तेही माहीत नव्हतं त्यांच्या घरात विषय पोचला, हे खरंच. पण पुढे काय, तर मे महिन्यात गुजरातेत थिएटरवाले त्याचा 'फना' लावेनात, आणि आमिरने माफी मागावी की नाही यावरच सगळी चर्चा! पुनर्वसन राहिलं बाजूला.

बरं, गप्प बसलं तर सुटतो असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात विद्यार्थ्यांना मारहाण झाली, त्यानंतर दीपिका तिथे नुसती उभी राहिली, भाषण नाही काही नाही, तरी तिचा 'छपाक' तीन दिवसांवर आलेला म्हणून लोक प्रमोशन प्रमोशन करत बसले.

आता दिल्लीच्या वेशीवरची सिंघू बॉर्डर बघ, जिथे शेतकरी कृषी कायद्यांविरोधात बसले होते. डिसेंबर २०२० मध्ये गायक-नट दिलजीत दोसांझ गेला तेव्हा तो कुणाला पाहुणा वाटलाच नाही, पंजाबी पोरगा, आधीपासून शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारा, आणि माइकवरून म्हणाला काय तर मी बोलायला नाही, ऐकायला आलोय. दोन महिन्यांनी परदेशी गायिका रिहानाचं या आंदोलनावर एका ओळीचं ट्वीट आलं, जगभर बातमी झाली, पण इथे आठवडाभर सचिनने काय ट्वीट केलं नि लतादीदींनी काय केलं हेच चाललं, थंडीत बसलेली माणसं गेली विसरून. (आमच्या घरी पण यावरून जेवताना वाजलं होतं, असो.)

आणि नटनट्यांशिवाय होतच नाही हे तर मला अजिबात पटत नाही. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा नाशिक-मुंबई लाँग मार्च आठव, १८० किलोमीटर चालून फोड आलेले पाय सगळ्या पेपरांत छापून आले, आणि दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून ते शेवटच्या रात्री झोप न घेता आझाद मैदानात चालत गेले, त्यावर मुंबईकर पाणी-बिस्किटं घेऊन रस्त्यावर आले. तिथे कुठला स्टार होता?

तर माझं म्हणणं, बोलवा तिला, पण आधी फोनवर तुमच्या मागण्या नीट सांगा, मानधन किती मिळतं, किती थकलंय, सगळं. ती स्टेजवर खुर्चीत नाही, खाली सतरंजीवर तुमच्यात बसेल. पहिला माइक सेविकेकडे, तिचा नंबर नंतर, दोन मिनिटं. चॅनलवाल्याने तिला काही विचारलं तर शेजारी एक हुशार सेविका ठेवा, जी आकडे पाठ करून आलीये. तिची शूटिंगची वेळ बघून धरण्याची तारीख बदलू मात्र नका, एवढं कराल ना? आणि सेल्फ्या निवेदन देऊन झाल्यावर.