प्रार्थना करूनही मन शांत होत नाही. ‘विचारांची राखण करा’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. दिवसभर कामात बरं जातं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जाऊबाईंनी साखरपुड्यात चारचौघांत केलेला अपमान डोक्यात फिरायला लागतो. प्रार्थनेला बसलं की मध्येच देवाविषयी नको नको ते घाणेरडे विचार येतात आणि आपला विश्वासच खोटा की काय, असं वाटतं. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचायला सांगितला, तुम्ही वाचला, पण फरक पडला नाही.

मी बेळगावची. आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान; गीतं मराठीत आणि उपदेश कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. मी काही पाळक नाही, मराठी शाळेत शिकवत होते. पण हा अध्याय मी बराच उलटसुलट वाचलाय, म्हणून लिहायचं धाडस करते.

आधी त्या घाणेरड्या विचारांचं बघू, कारण तेच तुम्हाला जास्त छळताहेत. विचार मनात येणं वेगळं आणि त्याला बसायला पाट देणं वेगळं. अरण्यात सैतानानं प्रभू येशूला काय काय सुचवलं? धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, माझ्या पाया पड. इतकी ओंगळ गोष्ट ज्याच्या कानावर पडली, त्यालाच आपण निष्पाप म्हणतो ना? प्रभूनं तिन्ही वेळा बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं एकेक वचन सांगितलं आणि विषय तिथंच मिटवला. सैतानाशी वाद घालत बसला नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा एक मठवासी होता, इ.स. ३९९ मध्ये वारला. माणसाला छळणाऱ्या विचारांचे त्यानं आठ प्रकार सांगितले: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हाव आणि गर्व. त्याचं म्हणणं असं की हे विचार येऊन त्रास देतील की नाही, हे आपल्या हातात नाही; ते रेंगाळतील की नाही, हे मात्र आहे. वाळवंटात एकटं राहून, उपास-तापास करून त्या माणसाला विचार चुकले नाहीत. तुम्ही तर चार खोल्यांच्या घरात सासू, दीर, जाऊ, पोरं यांच्यात राहता.

आमच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे. गेटवरचा जवान बघा कधी. समोरच्या रस्त्यावरून रिक्षा, टेम्पो, वरातीचा बँड, सगळं जातं. तो एकाच्याही मागं धावत नाही. गेटाकडे जो वळतो त्यालाच थांबवतो, कोण, कुणाकडे, कशाला, असं विचारतो. प्रार्थनेत विचार आला की तुम्ही घाबरून त्याच्या मागं धावता, आणि तेवढ्यात प्रार्थना राहून जाते. जाऊ द्या त्याला. ‘प्रभू, हे माझं नाही’ एवढं म्हणा आणि सोडलेल्या वाक्यापासून पुढं चला.

आता चौथा अध्याय. फिलिप्पै हे मासेदोनियातलं रोमी वसाहतीचं शहर. इ.स.पू. ४२ मध्ये तिथं मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त सैनिकांना तिथं जमिनी देऊन वसवलं. पहारा काय असतो हे त्या गावाला सांगावं लागत नव्हतं. आणि पत्र लिहिणारा पौल स्वतः कैदेत, शिपायांच्या नजरेखाली. आता सातवं वचन नीट बघा. तुमच्या अंतःकरणाची आणि विचारांची राखण कोण करणार म्हणून लिहिलंय? देवाची शांती. आपण मात्र समजतो की रात्रभर, एकटीनं, दातओठ खाऊन आपल्यालाच उभं राहायचंय. मग दोनच्या ठोक्याला दमतो आणि वर अपराधी वाटून घेतो ते वेगळंच. ‘राखण करा’ म्हणून सोडून देणाऱ्यांवर माझा थोडा राग आहे तो यासाठी.

आपल्या वाट्याचं काम सहाव्या आणि आठव्या वचनात आहे. सहावं म्हणतं, चिंता करू नका, प्रार्थना आणि विनंती करून, आभारासह, आपली मागणी देवाला कळवा. कळवा म्हणजे तपशिलानं कळवा. ‘प्रभू, मला शांती दे’ हे फार मोघम झालं. साखरपुड्यात जाऊबाई काय म्हणाल्या, कोण कोण ऐकत होतं, तुम्हाला कुठं लागलं, त्यांना उलट काय बोलावंसं वाटतं, हे सगळं जसंच्या तसं सांगा. स्तोत्रकर्त्यानं काही हातचं राखून ठेवलंय का? ५५ वं स्तोत्र वाचा. वैऱ्यानं निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझा जिवलग, असं तो रडतोय, आणि पुढं शत्रूंना नको ते शापही देतोय. त्याच स्तोत्रात शेवटाकडे, आपला भार परमेश्वरावर टाक, हे येतं. आधी भार काय आहे ते सांगून झालं, मग टाकायची गोष्ट. आणि आभार म्हणजे अपमानाबद्दल आभार नव्हे. पोराचा ताप उतरला, नळाला वेळेवर पाणी आलं, असलं काहीही चालतं.

आठव्या वचनात कशाचं मनन करायचं याची यादी आहे, आणि यादीत पहिलं आहे ‘जे काही सत्य’. गोड गोड किंवा मनाला बरं वाटेल ते, असं पौलानं पहिलं ठेवलेलं नाही. याचा उपयोग कसा होतो ते सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला होता. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, इकडं येणारी एसटी बंद झाली. माझी भाची तेव्हा कोल्हापुरात नर्सिंगला, नाताळाला घरी यायची होती. संध्याकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ सुरू, जळकी बस, कुठली, कधीची, कुणाला पत्ता नाही. पोरीचा फोन लागेना. बहीण शेगडीपुढं उभी, दूध उतू जाऊन ओट्यावर ओघळलं तरी तिचा अंगठा स्क्रीनवर फिरतोच आहे. शेजारच्या कन्नड काकू येऊन ‘सुम्ने चिंती माडब्याड्री’ म्हणाल्या, म्हणजे उगाच काळजी करू नका. पण असं म्हटल्यानं काळजी जाते थोडीच.

मी वहीचं एक पान फाडलं आणि म्हटलं, तुला नक्की माहीत आहे तेवढंच सांग. गाड्यांवर दगड पडले: खरं. एसटी बंद: खरं. पोरगी बसमध्ये अडकलीय: हे कुणी सांगितलं? आणि एसटीच बंद, तर ती बसमध्ये बसलीच कशी? इथं बहिणीला रडता रडता हसू आलं. मग राहिलं एवढंच, की ती कुठं आहे ते माहीत नाही. त्या एका ओळीसाठी आम्ही दोघींनी तिथंच ओट्याशी उभं राहून प्रार्थना केली, आणि बहिणीनं फडकं घेऊन दूध पुसायला घेतलं. फोन पुढं बऱ्याच वेळानं लागला. बाईसाहेब हॉस्टेलवर जेवून अभ्यासाला बसल्या होत्या. पण बहिणीचा हात थांबला तो फोन लागायच्या आधी, म्हणून हे सांगितलं.

तुमच्याही पानावर तसंच लिहून बघा. जाऊबाई ते बोलल्या, हे खरं. ते लागण्यासारखंच होतं, हेही खरं, ते पुसू नका. यादीत ‘न्याय्य’ सुद्धा आहे. पण ‘सगळे मला हसले’, ‘या घरात माझी काडीची किंमत नाही’, हे जाऊबाई बोललेल्या नाहीत. ते रात्री तुमच्याच मनानं जोडलंय, आणि झोप उडवणारं तेच आहे.

रात्रीसाठी एक गोष्ट. याच फिलिप्पैत, हे पत्र लिहायच्या काही वर्षं आधी, पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या तुरुंगात घातलं होतं, पाय खोड्यात. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. मध्यरात्री ते प्रार्थना करत, गाणी गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, म्हणजे चांगलं मोठ्यानं. तुम्हाला मोठ्यानं जमणार नाही, घर झोपलेलं असतं. पण ओठ हलवून म्हणा, मनातल्या मनात नको. मनात तर आधीच गर्दी आहे. चौथं स्तोत्र लहान आहे, पाठ होतं, आणि शेवटी झोपेचंच बोलतं. छापील बायबल उशाशी ठेवा. मोबाइलवरचं बायबल उघडलं की बोट कधी व्हॉट्सअ‍ॅपवर जातं ते कळतही नाही.

हे करूनही आठवडेच्या आठवडे झोप नसेल, किंवा ते घाणेरडे विचार दिवसाही पिच्छा सोडत नसतील आणि ते धुऊन काढायला तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करावीशी वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ओसीडी नावाच्या आजारात नेमकं असं होतं, भाविक माणसांना तर देवाचेच विचार छळतात, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, आणि आपल्या भागाला धारवाडचं डिमहान्स हे मनोरुग्णांचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. डॉक्टरांकडे गेलं म्हणजे विश्वास कमी, असं कुणी म्हणालं तर पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, एवढं सांगा.

आणि जाऊबाई. लोक हा अध्याय सहाव्या वचनापासून वाचतात, तुम्ही दुसऱ्यापासून वाचा. युवदीया आणि सुंतुखे, मंडळीतल्या दोन कामसू बाया, दोघींचं बिनसलेलं. पौल दोघींना नावानिशी विनवतो की प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. कुणाचं चुकलं ते लिहीत नाही. आणि लगेच तिसऱ्या एका सोबत्याला म्हणतो, या दोघींना मदत कर. विचारांच्या शांतीचं सगळं बोलणं त्यानंतर येतं. तेव्हा जाऊबाईंशी बोलायला एकट्या जाऊ नका. दोघींचं जिच्याशी पटतं अशी एखादी नणंद, मावशी किंवा मंडळीतली वडीलधारी बाई असेल, तिला आधी सगळं सांगा आणि सोबत न्या.