टो क्लिप आणि पट्टे लावायचे असतील तर पेडल कोणतं घ्यावं?

भोकं पाडून घेऊ नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचा, पण मेकॅनिकला आजच नको म्हणून सांगा.

तुम्ही लिहिलंय की सायकल जुनी, स्टीलची आहे, रोज मुलुंड ते बीकेसी जाता, पायात साधे स्पोर्ट्स शूज असतात. पेडलच्या पुढे बसणाऱ्या, बुटाचं टोक आत घेणाऱ्या टो क्लिपा आणि पाय आवळून धरणारे पट्टे घरी येऊन पडलेत, पण पेडल कोणतं घ्यावं ते कळत नाही. आणि मेकॅनिक म्हणतोय, नवीन कशाला, आहे त्याच पेडलला दोन भोकं मारून देतो. याच दोन भोकांवरून आमच्या घरात पंचवीस वर्षांच्या वर वाद चालू आहे. म्हणून लिहायला बसले.

१९९६ साल. मी एकोणीस वर्षांची, राहायला लालबागच्या चाळीत. पहाटे वरळी सी फेसपर्यंत जाऊन यायचं आणि मग कॉलेज, असा नेम होता. शेजारच्या चाळीतला एक मुलगा मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचा. त्याने नवीन क्लिपा घेतल्या आणि जुन्या मला दिल्या, चामड्याच्या पट्ट्यांसकट. माझ्या सायकलला ॲल्युमिनियमची पेडल होती, दोन्ही बाजूंनी सपाट, कडा बंद. पुढे क्लिप अडकवायला भोकं नव्हती.

बाबा गिरणीत फिटर होते. ८२च्या संपानंतर गिरणी सुटली, पण हातातली कला कुठे जाते? त्या रविवारी गॅलरीत पाट टाकून बसले. पेडलवर क्लिप धरून आधी पेन्सिलने खूण केली, मग सेंटर पंच मारला, मग हाताने फिरवायच्या ड्रिलने पाच मिलिमीटरची दोन भोकं, प्रत्येक भोकाला तेलाचे दोन थेंब. कडा गोल कानशीने अशा साफ केल्या की बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. बोल्ट हाताने फिरवत सरळ आत गेले. "आता तुझं पायडल शर्यतीचं झालं," म्हणाले. मला अजून तो आवाज आठवतो.

पट्टा ओवायला मात्र त्या पेडलला जागाच नव्हती. आम्ही तो अख्ख्या पेडलच्या खालून गुंडाळून वर घेतला. आवळला की बसेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

दोन महिने मजेत गेले. जुलैत एका सकाळी परत येताना भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला लाल दिवा लागला. मी सवयीने डावीकडे वाकले आणि अंगठ्याने बक्कल उचलायला हात खाली नेला. बक्कल तिथे नव्हतंच. पट्टा गोल फिरून बक्कल पेडलच्या खाली गेलं होतं. पाय सुटला नाही आणि मी फुटपाथच्या कडेवर डाव्या खांद्यावर पडले. मागून बस येत होती, ती हातभर अंतरावर थांबली. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात.

दादा हॉस्पिटलमध्ये आला तो हेच बोलत, "पाय बांधून सायकल चालवतं का कोणी?" त्याच रात्री बाबांनी पेडल काढली, जुनी रबराची परत लावली, काढलेली वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. "माझीच चूक झाली," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्या सायकलला कधी हात लावला नाही. दादा मात्र दर गणपतीत, चार नातेवाईक जमले की हा विषय काढायचा. बाबा तेव्हा उठून आत जायचे.

२००९ मध्ये बाबा गेले. खोली आवरताना ती पुडी सापडली. भोकं होती तशी होती, गोल, एकाही भोकापाशी चीर नाही. पण डाव्या पेडलच्या बाहेरच्या कडेवरून खालच्या अंगाला एक तिरकी, खरबरीत रेघ गेली होती. ती बक्कलची रेघ. दोन महिने रोज पट्टा थोडा थोडा सरकत होता, बक्कल धातू ओरबाडत खाली जात होतं, आणि आमच्यापैकी कोणी ते वाकून बघितलं नाही. मला बाबांच्या भोकांनी पाडलं नाही, पट्ट्यानेही नाही. ज्या पेडलला पट्ट्यासाठी खाच नाही, त्या पेडलने पाडलं.

म्हणून पेडल हातात घेतलं की पहिली बघायची ती खाच. केजच्या, म्हणजे पेडलच्या बाहेरच्या धातूच्या चौकटीच्या, दोन्ही बाजूंना पट्टा आरपार जाईल अशी खाच हवी. ती असली की पट्टा मागे सरकत नाही. ओवताना पेडलच्या आतल्या भागात पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे तो गोल फिरणारही नाही. बक्कल बाहेरच्या अंगाला, केजच्या जरा वर, आंधळेपणाने हात नेला तरी सापडेल असं. मग पुढची दोन भोकं, ती क्लिपसाठी बनवलेल्या पेडलला असतातच. तिसरी गोष्ट, मागच्या बाजूला जिभेसारखा छोटा पत्रा. क्लिपच्या वजनाने पेडल कायम उलटं लटकतं, सिग्नल सुटला की त्या पत्र्याला बुटाच्या टोकाने टिचकी मारून ते सरळ करायचं आणि पाय आत सारायचा. सपाट पेडललाही हे जमतं, फक्त हात बसायला, म्हणजे पाय बसायला, वेळ लागतो.

स्पोर्ट्स शूज रुंद असतात, म्हणून क्विल पेडल तुम्हाला नको. त्याची बाहेरची कड वर वळलेली असते, ती करंगळीपाशी रुतते आणि पट्टा आवळला की अर्ध्या तासात बोटं बधिर. शर्यतीच्या अरुंद बुटांसाठी ते ठीक. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या पेडलला ती वळलेली कड नसते, पण तुम्ही एमकेएस कंपनीचं सिल्व्हन टूरिंग बघा. जपानी आहे, दोन्ही बाजूंनी सपाट, रुंद, क्लिप बसते, आणि आतले छर्रे सुटे असल्यामुळे उघडून साफ करता येतं. मुंबईत हे शेवटचं फार महत्त्वाचं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर उघडायचं, छर्रे पुसायचे, नवं ग्रीस भरायचं.

हल्ली मिळणारी खिळ्यांची जाडजूड एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकची, पेडल यासाठी अजिबात घेऊ नका. खिळे तळव्याला धरून ठेवतात, बूट क्लिपमध्ये सरकतच नाही आणि बाहेरही येत नाही. रबराच्या ठोकळ्यांची तर गोष्टच सोडा.

क्लिपचा साइजही बघा. पायाचा चवडा पेडलच्या आसावर यायला हवा आणि बुटाचं टोक क्लिपला आदळता कामा नये. थोडक्यासाठी आखूड पडत असेल तर क्लिप आणि पेडलच्या मध्ये वॉशर टाकून चालतं.

कोणी तुम्हाला म्हणेल, हे सगळं जुनाट आहे आणि जीवघेणं आहे. त्याला सांगा, बेल्जियमचा शर्यतवाला एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले ते पाय पट्ट्यात ठेवूनच. लुक या फ्रेंच कंपनीची, बुटाचा तळच अडकवणारी बिनपट्ट्याची पेडल बाजारात आली १९८४ मध्ये आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सचा बर्नार्ड इनो त्यांवर टूर द फ्रान्स जिंकला. तोवर जवळजवळ सगळे शर्यतवाले पट्ट्यांतच होते. जपानमध्ये ट्रॅकवर होणाऱ्या केरिन शर्यतीत आजही आहेत. इतकी माणसं इतकी वर्षं वेडी नव्हती. मी स्वतः २०१० पासून पट्टे वापरते, रोज कांजूरमार्ग ते परळ, आणि त्यांच्यामुळे एकदाही पडलेले नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: पहिले पंधरा दिवस पट्टा सैल ठेवा, इतका की नुसता पाय मागे ओढला तरी निघेल. गर्दीत डावा पट्टा कायम सैल, कारण टेकायचा पाय तोच. मी उजवा आवळते तोही फक्त हायवेला. गुडघा दुखत असेल तर हे प्रकरण सोडून द्या. चामड्याचा पट्टा भिजला की ताणतो, पावसाळ्यात नायलॉनचा बरा. बक्कल गंजतं, त्याला तेलाचा एखादा थेंब हवाच. पेडलचे आटे बहुतेक ९/१६ इंचाचे असतात, तरी जुनी सायकल म्हणताय तर दुकानात जुनं पेडल घेऊन जा आणि ताडून बघा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तुमच्या मेकॅनिकला माहीत असेलच.

आणि दादा, तू हे वाचतोस हे मला वहिनीने सांगितलंय. ती पेडल माझ्या कपाटात आहेत, त्याच वर्तमानपत्रात. या गणपतीत आलास की डावं पेडल खिडकीपाशी उजेडात धर आणि आधी भोकं बघ, मग खालची रेघ बघ. बाबांचा विषय त्यानंतर काढ.