मॅच बघताना कॉमेंट्री दबते आणि गर्दीचाच आवाज येतो, साउंडबार घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की फुटबॉलची मॅच लावली की प्रेक्षकांचा गोंगाट खोलीभर होतो, कॉमेंटेटर मात्र विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं, आवाज वाढवावा तर जाहिरात लागली की दचकायला होतं. दोष टीव्हीचा की चॅनलचा, आणि साउंडबार घ्यावा का.

मी सांगेन लगेच पैसे घालू नका, कारण "विहिरीतून" हा जो शब्द तुम्ही वापरलाय त्यातच बरंचसं उत्तर आहे. मोठ्या मॅचचा आवाज बरेचदा ५.१ मध्ये येतो, म्हणजे डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि एक नुसत्या खर्जाचा असे सहा वेगळे चॅनल (इथे चॅनल म्हणजे आवाजाच्या वेगळ्या वाटा, टीव्हीचं चॅनल नव्हे). कॉमेंट्री सहसा मधल्या चॅनलमध्ये असते आणि प्रेक्षक बाकीच्यांमध्ये. आता तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही पण सेट-टॉप बॉक्सला वाटतंय की आहे, तर कॉमेंट्री तिथेच गळते आणि गर्दी तेवढी पूर्ण ताकदीने येते. म्हणून आधी बॉक्सच्या आणि टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बी किंवा सराउंड असेल तिथे स्टीरिओ किंवा पीसीएम (म्हणजे साधा डावा-उजवा आवाज) करा आणि पाच मिनिटं मॅच बघा. खूप जणांचं काम इथेच होतं.

वेगळे स्पीकर जोडले असतील तर अजून एक गोष्ट बघा. माझ्याकडे एकदा एका स्पीकरच्या वायरीचे प्लस मायनस उलटे लागले होते, कित्येक महिने मी चॅनलला दोष देत होतो. असं झालं की दोन्ही स्पीकरमधून सारखा येणारा आवाज एकमेकांना खातो, आणि कॉमेंट्री नेमकी दोन्हीकडे सारखीच असते. गर्दी दोन्हीकडे वेगवेगळी असल्यामुळे तिला काही होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे, बातम्या लावा. निवेदकाचा आवाजसुद्धा पोकळ येत असेल तर गडबड तुमच्या स्पीकरमध्ये किंवा वायरीत आहे. बातम्या स्वच्छ आणि फक्त मॅचच खराब, तर वरचं ५.१ चं सेटिंग. तेही बदलून झालं आणि फरक नाही, तर त्याच मॅचची दुसऱ्या भाषेतली कॉमेंट्री लावून बघा. मैदानाचा आवाज सगळ्या भाषांना बहुतेक एकच दिला जातो, त्यावर कॉमेंट्री किती चढवायची हे ज्याचं तो ठरवतो. दुसऱ्या भाषेत तोल बरा वाटला तर मग चॅनलचंच मिक्सिंग कच्चं आहे, तुमच्या टीव्हीला उगाच बोल लावू नका.

मैदानाचा आवाज करणं किती कष्टाचं आहे तेही सांगतो. मैदानाच्या कडेने लांब नळीसारखे माईक लावलेले असतात आणि बॉल जिकडे जाईल तिकडचा माईक वर, बाकीचे खाली, असं इंजिनिअर ९० मिनिटं बोटांनी करत असतो. सगळे एकदम उघडे ठेवले तर गर्दीच गर्दी भरते आणि किकचा तो "थप्" हरवतो. आता बॉल कुठे आहे त्याच्या माहितीवरून हे आपोआप करणारी यंत्रणाही आली आहे. आणि कॉमेंटेटर स्टेडियममध्ये बसला असेल तर बरेचदा वरच्या ओठाला टेकवून धरायचा खास माईक वापरतो, तो अगदी जवळचा आवाज घेतो आणि लांबचा टाकून देतो, म्हणून हजारो लोक ओरडत असताना त्याचा शब्द कळतो.

जाहिरातींचं म्हणाल तर युरोपात आर१२८ नावाचं मानक २०१० पासून आहे, त्यात कार्यक्रमाचा सरासरी आवाज उणे २३ एलयूएफएसला (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) ठेवायचा असतो. पण ती सरासरी आहे हो. मॅच एका क्षणी शांत आणि दुसऱ्या क्षणी गर्जना, तर जाहिरात पहिल्या सेकंदापासून एकाच उंचीवर, म्हणून ती अंगावर येते. टीव्हीतलं नाईट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम याला इलाज आहे पण मला ते आवडत नाही, कारण गोल झाल्यावर गर्दी जी उसळते तीच ते दाबून टाकतं. रात्री घरचे झोपले असतील तेव्हाच वापरा.

इक्वलायझर (खर्जाचे आणि वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) असेल तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी आणि २ ते ४ किलोहर्ट्झला थोडं जास्त करा, व्यंजनं तिथे असतात त्यामुळे शब्द उठून येतात. थोडंच मात्र. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपला व्हुवुझेलाचा (प्रेक्षक फुंकायचे त्या लांब भोंग्याचा) सूर साधारण २३३ हर्ट्झ आणि त्याच्या पटींमध्ये होता, लोक तेवढाच भाग कापायचे, पण माणसाचा आवाजही तिथेच असतो, त्यामुळे कॉमेंटेटर फोनवरून बोलल्यासारखा यायचा.

आणि गर्दी पूर्ण घालवायच्या मागे लागू नका हे कळकळीने सांगतो. १६ मे २०२० ला कोरोनामुळे थांबलेली बुंडेसलिगा (जर्मनीची फुटबॉल लीग) रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली, पुढे बऱ्याच ठिकाणी रेकॉर्ड केलेली गर्दी लावायची की नाही हे प्रेक्षकाला निवडता यायचं. मी गर्दीशिवाय बघितलं. गोलकीपरचं ओरडणं, बुटाचा आवाज सगळं स्वच्छ, आणि अर्ध्या तासात सरावाची मॅच बघतोय असं वाटायला लागलं. धोका जवळ आलाय हे आपल्याला गर्दी आधी सांगते, कॉमेंटेटर नंतर.

चांगला कॉमेंटेटर हे जाणतो. २२ जानेवारी १९२७ ला बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेडची मॅच रेडिओवर दिली तेव्हा मैदानाचे आकडे घातलेले चौकोन आधी छापले होते, बॉल कुठल्या चौकोनात आहे ते ऐकणाऱ्याला सांगावंच लागायचं. टीव्हीवर ते दिसतंच. १३ मे २०१२ ला अग्वेरोने शेवटच्या मिनिटांत गोल करून मँचेस्टर सिटीला इंग्लंडची लीग मिळवून दिली, तेव्हा कॉमेंटेटर मार्टिन टायलर त्याचं नाव लांबवून ओरडले आणि मग काही सेकंद गप्प राहिले, स्टेडियमला बोलू दिलं. परत ऐकाल तर ती शांतताच अंगावर काटा आणते. जे कॉमेंटेटर त्या जागी आकडेवारी सांगत बसतात त्यांची मॅच मला बघवत नाही.

हे सगळं करूनही साउंडबार घ्यायचाच असेल तर नावातला पहिला आकडा बघा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि वूफर (खर्जाचा स्पीकर), त्याने गर्दीची घरघरच वाढेल. ३.१ किंवा ५.१ घ्या, त्यात मधला स्पीकर खरा असतो आणि त्याची पातळी बहुतेक रिमोटवरून वेगळी वाढवता येते. जोडल्यावर आवाज चित्राच्या पुढे पळत असेल तर ऑडिओ डिले थोडा थोडा वाढवा. थोडा उशिरा आलेला आवाज कानाला चालतो, कारण स्टेडियममध्येसुद्धा १०० मीटरवरची किक साधारण ०.३ सेकंदाने ऐकू येते, पण पाय लागायच्या आधीच "थप्" आलं की लगेच खटकतं. हे जुळवायला पेनल्टी सगळ्यात सोयीची, तेव्हा गर्दीही जरा थांबलेली असते आणि पाय स्पष्ट दिसतो.